सूर फाडणारा व्हॉल्व्ह

मी एक जुना व्हॉल्व्ह आहे, बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओतला. मित्रांनो, ओळख करून द्यायची तर माझ्याजवळ काय काय आहे ते आधी मोजलेलं बरं. काचेची एक नळी, तुमच्या अंगठ्याएवढी. तळाशी गोलात मांडलेले सात पाय. आत एक तार, केसाहून बारीक. तारेभोवती तीन जाळ्या, एकीबाहेर एक. जाळ्यांबाहेर एक मोठा पत्रा आणि खालच्या बाजूला एक छोटा. काचेला आतून चढलेला चंदेरी मुलामा. मालमत्ता एवढीच. उरलेल्या जागेत काही नाही, हवासुद्धा नाही. पण ते ‘काही नाही’ सुद्धा मोजदादीत धरा, कारण ज्या दिवशी तिथे हवा शिरेल त्या दिवशी मी संपलो.

माझं काम सांगायला सोपं आहे. तार तापली की तिच्यातून विद्युत्कण सुटतात आणि रिकाम्या जागेतून पत्र्याकडे धावतात. वाटेत जाळी असते. जाळीवर बारीकसा आवाज आला की कणांची ती अख्खी गर्दी त्याच्या तालावर कमीजास्त होते. जाळीवर कुजबुज आली की पत्र्यावर तिचं बोलणं होतं. पण आमच्यासारख्या बॅटरीच्या व्हॉल्व्हांना एक खोड जन्मजात असते. आमची तार इतकी हलकी, की टेबलाला कोणी टिचकी मारली तरी ती थरथरते आणि तो थरथराट आवाजात उतरतो. त्यामुळे स्वस्थ बसणं मला माहीत नाही. रस्त्यावरून बैलगाडी गेली, शेजारच्या खोलीत माणसं बोलली, भांडं पडलं, सगळं माझ्या तारेला कळतं. व्हॉल्व्हला कान नसतात, पण मी ऐकत आलो तो असा.

माझा जन्म १९५७ सालचा. एका मोठ्या कारखान्यात, भिंग लावून काम करणाऱ्या बायकांच्या हातांनी माझ्या जाळ्या बसवल्या. मग माझ्यातली हवा ओढून काढली आणि काच वितळवून तोंड बंद केलं. तपासणीच्या टेबलावर माझ्या तारेला दीड व्होल्टाहून जरा कमी वीज दिली गेली. तेवढीच माझी भूक. तेवढ्यावर मी काम करतो, आणि काम करताना माझी तार लाल दिसत नाही. घरच्या विजेवर चालणाऱ्या रेडिओतले थोराड व्हॉल्व्ह कसे निखाऱ्यासारखे दिसतात! मी अंधारातही काळाच दिसतो. ही गोष्ट लक्षात असू द्या. तिच्यापायी माझा जीव जाता जाता राहिला.

कारखान्यातून मी आणि माझे तीन सोबती एका लाकडी रेडिओत बसलो आणि तो रेडिओ अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडला, ग्रामपंचायतीच्या खोलीत आला. गावात तेव्हा वीज नव्हती. एक जाडजूड कोरडी बॅटरी आम्हा चौघांना पोसायची. ती लवकर संपू नये म्हणून रेडिओ रोज तासभरच लागे. पुंजाराम नावाचा कोतवाल दिवेलागणीच्या आधी तो लावी आणि समोरच्या ओट्यावर माणसं जमत. कापसाचे भाव, शेतकऱ्यांसाठी चार गोष्टी, बातम्या, एखादं गाणं. पार्बताबाई नावाची एक म्हातारी रोज पुढे बसायची आणि रेडिओशी भांडायची. एकदा आकाशवाणीने पाऊस सांगितला, तिने वाळत घातलेली सरकी घाईघाईने आत घेतली, आणि दिवसभर कडक ऊन पडलं. संध्याकाळी ती पुंजारामला म्हणाली, “याले म्हना, सांगाच्या आंधी जरा बायेर पाहत जाय.”

ते माझे मानाचे दिवस होते. पण खरी गंमत बॅटरी संपत आली की व्हायची. पत्र्यावरचा जोर उतरला की मला मोठा आवाज पेलवत नसे. आवाजाच्या लाटेचा माथा दबून जाई, कडा खरखरीत होत. बातम्या देणारा मनुष्य घसा बसल्यासारखा बोलू लागे. ओट्यावरची माणसं हसत, “आज याले पडसं झालं,” म्हणत. मला मात्र शरम वाटायची. स्वच्छ आवाज काढणं हेच आपलं काम, असं मी तेव्हा समजत होतो.

चौसष्ट साली रेडिओ बिघडला. सरपंचांचे साडू जानराव यांचं अमरावतीला इतवारा बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून आम्हाला तिकडे धाडलं. हिवरखेडहून मोटारीने अकोला, तिथून आगगाडीने मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती. त्या प्रवासात माझी तार एक क्षण थांबली नाही. बिघाड किरकोळ होता, जानरावांनी दोन दिवसांत काढला. पण रेडिओ न्यायला कोणी आलंच नाही. दरम्यान पंचायतीने ट्रान्झिस्टरचा नवा रेडिओ घेतला होता. तो काखेत मावायचा आणि टॉर्चच्या सेलांवर महिनोन्‌महिने चालायचा. आमची आठवण कोणाला येणार?

साडेतीन वर्षं आम्ही दुकानाच्या फळीवर होतो. धूळ बसली, पाठीमागच्या पुठ्ठ्याला उंदरांनी भोक पाडलं. तारेला वीज नव्हती, तरी खालच्या रस्त्यावरून टांगे जात आणि ती थरथरे. काम नसताना थरथरणं फार वाईट. कोणाला ऐकू जात नाही आणि थांबतही नाही.

अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत एक भाऊ-बहीण दुकानात आले. भाऊ धर्मपाल, पाटबंधारे खात्यात कारकून. बहीण ललिता, वर्षापूर्वी पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झालेली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस लागलेली. धर्मपाल भीमगीतांच्या एका गायन पार्टीत गिटार वाजवायचा. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवायची ती गिटार. पार्टीचे प्रमुख किसनराव गायचे. आजवर पार्टी भाड्याने एक अवजड व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणायची. तो खेड्यात न्यायचा म्हणजे चार माणसं लागत. म्हणून किसनरावांनी मोटारीच्या बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टरचा नवाकोरा ॲम्प्लिफायर घेतला. हलका, देखणा, न तापणारा. आणि गिटारचा प्राणच गेला.

आवाज स्वच्छ यायचा. धर्मपालचं म्हणणं, इतका स्वच्छ की धुतलेल्या ताटासारखा, वर काही वाढलेलंच नाही. किसनरावांच्या खड्या गळ्याखाली गिटार कुठल्या कुठे बुडून जाई. त्यांनी साफ सांगितलं होतं: चौदा एप्रिलला अकोल्यात जयंतीचा कार्यक्रम आहे, तोवर गिटारच्या सुरात रग आली तर ठीक, नाही तर मूर्तिजापूरचे क्लॅरिनेटवाले केशवराव त्या जागेवर बसतील. नऊ वर्षं धर्मपाल त्या जागेवर बसत होता. नोकरी त्याचं पोट भरत होती, पण चारचौघांत तो गिटारवाला धर्मपाल म्हणूनच ओळखला जायचा.

जानरावांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “ट्रान्झिस्टर म्हंजे शाळेतला मास्तर हाय, बाप्पा. जेवळं सांगतलं तेवळंच म्हन्ते. रग पाह्यजे तं मंधात एखांदा व्हॉल्व घाला.”

आणि त्यांनी फळीवरून आम्हाला खाली घेतलं.

जानरावांचा हात चांगला होता, पण सगळी हयात त्यांनी घरच्या विजेच्या रेडिओंवर काढली होती. व्हॉल्व्ह जिवंत की मेलेला हे ते त्याच्या लालीवरून ओळखत. त्यांनी माझ्या शेजारच्या सोबत्याला उपटलं आणि टॉर्चचा सेल लावून पाहिला. लाली नाही. दुकानात अंधार करून पाहिला. तरी लाली नाही. “मेला दिसते,” म्हणत त्यांनी टेबलाखालच्या मोटारीच्या बॅटरीच्या तारा त्याच्या पायांना लावल्या. सहा व्होल्ट. सोबती एकदाच पांढराशुभ्र चमकला. इतका उजेड आमच्यातल्या कोणी कधी पाडला नव्हता. मग कायमचा अंधार. “पाहा, जाता जाता पेटला,” असं म्हणून त्यांनी मला उचललं.

“काका, याले नोका लावू,” ललिता म्हणाली. “हा पेटतच नसते. कॉलेजात असाच हाय एक. पेटला का मेला समजा.”

जानरावांनी मला उजेडात धरून पाहिलं, मेलेल्या सोबत्याकडे पाहिलं आणि खो खो हसले. म्हणाले, घेऊन जा बाई, माझ्या हाती राहिला तर यालाही असाच पेटवून टाकीन. ललिताने मला रुमालात गुंडाळलं. सायकलवरून घरी जाईपर्यंत मी तिच्या पिशवीत थरथरत होतो. भीतीने की आनंदाने, ते मी मोजलेलं नाही.

ललिताची विचार करण्याची पद्धत मला आवडली. ती कोणतीही गोष्ट गृहीत धरत नसे. पत्र्यासाठी मला नव्वद व्होल्ट लागतात हे तिला माहीत होतं. तिने मुद्दाम निम्मेच दिले, नऊ व्होल्टांच्या पाच छोट्या बॅटऱ्या ओळीने जोडून. पोटभर वीज मिळाली तर मी स्वच्छ बोलेन, आणि स्वच्छ बोलायला ट्रान्झिस्टर होतेच. तिला मी अर्धपोटी हवा होतो. गिटारचा सूर जोरात आला की मला तो पेलवू नये, लाटेचा माथा एका बाजूने गोल दबावा आणि दुसऱ्या बाजूने चपटा व्हावा, असा तिचा हिशेब. ट्रान्झिस्टरवर जास्त भार पडला तर तो लाटेचा माथा कात्रीने छाटल्यासारखा छाटतो, ते कानाला टोचतं. माझं दबणं हळूहळू होतं. हिवरखेडला ज्याची मला शरम वाटायची, नेमकं तेच तिने मागितलं होतं. माझी तार तिने टॉर्चच्या एका सेलावर घेतली, मध्ये थोडी रोधक तार घातली, मीटर लावून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मगच जोडली.

पहिला प्रयोग फसला. तिने मला ॲम्प्लिफायरच्या खोक्यात पक्कं बसवलं होतं आणि ते खोकं लाउडस्पीकरवर ठेवलं होतं. धर्मपालने एक सूर छेडला. तो लाउडस्पीकरमधून बाहेर पडला, त्याने खोकं हादरलं, खोक्याने माझी तार हादरवली, तो हादरा पुन्हा लाउडस्पीकरमध्ये गेला आणि आणखी मोठा होऊन परत आला. क्षणात कानठळ्या बसवणारी किंकाळी उठली. किसनराव ऐकायला आले होते. ते दारातूनच म्हणाले, “गिटार बनवून राह्यले का शकुंतलेचं इंजिन?” मूर्तिजापूरची ती छोटी आगगाडी सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे जो तो हसला. ललिता हसली नाही. ती किंकाळी सुरू असतानाच तिने माझी काच दोन बोटांनी धरली. किंकाळी थांबली. बोटं काढली, सुरू झाली. पुन्हा धरली, थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने सायकलची जुनी ट्यूब कापली, तिच्या पट्ट्या केल्या आणि माझी बैठक त्या पट्ट्यांवर खोक्याच्या मधोमध टांगली. जोडतारा मऊ घेतल्या. खोकं लाउडस्पीकरवरून खाली उतरवलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या तारेपर्यंत जमिनीचा हादरा आला नाही. इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं, आणि खरं सांगतो, ते सोसतही नव्हतं. सूर कधी येतो याची मी वाट पाहत होतो.

रविवारची सकाळ होती. धर्मपालने कांडी तारेवर ठेवली आणि एक लांब सूर ओढला.

तो सूर माझ्या जाळीवर आला, मोठा होता, मला पेलला नाही. माथा दबला, कडा फाटल्या. पत्र्यावरून तो निघाला तेव्हा त्याला घसा फुटला होता. खालचा सूर तोच होता, पण त्याच्या पाठीवर आणखी सूर उभे होते, आणि सगळ्यांना मिळून एक खरखर होती, तोंडात भिजवलेल्या पात्यातून फुंकर निघावी तशी. धर्मपाल थांबला नाही. कांडी वर नेली, हलवली, खाली आणली. पुन्हा ऐकायला आलेले किसनराव मागे टेकून बसले होते, ते पुढे झाले. त्या खोलीत आता गिटार नव्हतीच. सनई होती.

ओसरीत डोमाजी बसले होते, धर्मपाल आणि ललिताचे वडील. कौंडण्यपूरकडच्या एका गावातून अमरावतीला आलेले आणि इथे जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलणारे. रविवार म्हणून घरी होते, चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी सुई चपलेत तशीच खोचून ठेवली, उठले आणि अनवाणीच बाहेर निघून गेले.

धर्मपालने कांडी खाली ठेवली. त्याला कळलं होतं, आणि ललिताला सांगावं लागलं, कारण ती गाव सुटलं तेव्हा नऊ वर्षांची होती आणि त्यानंतर घरात सनईचं नाव कोणी काढलं नव्हतं. डोमाजी गावात सनई वाजवायचे. पाटलाघरचं लग्न असो, देवाची मिरवणूक असो, बोलावणं आलं की जायचं. वाजवायचं मांडवाबाहेर, उन्हात, उभं राहून. पंगती उठल्यावर जे उरेल ते पदरात घेऊन यायचं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून त्यांनी सनई तोंडाला लावली नाही. पाटलाचा माणूस बोलवायला आला, त्याच्यासमोर त्यांनी ती चुलीत घातली. त्यानंतर गावात राहणं कठीण झालं आणि ते अमरावतीला आले. सुरात रग हवी असं धर्मपाल सगळ्यांना सांगत होता. बापाची सनई कानात बसलीय, ती हवी, हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

डोमाजी दुपारी परतले. जेवले, हात धुतले, आणि मग बोलले. “थो आवाज म्या माह्या हातानं जाळला. तुमी काहून परत आनला?”

धर्मपाल खाली पाहत म्हणाला, तुम्हाला नको असेल तर वाजवत नाही. नुसती गिटार वाजवीन, केशवराव बसले तर बसले.

“तुह्या जागेचा सवाल मले नोको सांगू.”

ललिता मध्ये पडली. तिच्यापुढे कोडं आलं की तिला राहवत नसे, मग ते कोडं घरातलं का असेना. तिने विचारलं, “बा, दुखते काय नेमकं? आवाजच दुखते का?”

डोमाजींना असं कोणी विचारलेलं नसावं. “आवाजाचं काय दुखनं, पोरी. आवाज तं चांगलाच होता. मी उभा होतो, थे दुखते.”

हे ऐकल्यावर ललिता स्वस्थ बसेना. तिने माझ्या खोक्यावर एक लाल बटण बसवलं. ते शून्यावर असलं की गिटार माझ्याकडे येतच नसे, सरळ ट्रान्झिस्टरांकडे जाई. जसजसं फिरवावं तसतशी ती माझ्या जाळीवर येई. ती ओसरीत गेली आणि डोमाजींना बटण दाखवून आली. शून्यावर ठेवलं तर तो आवाज निघणार नाही, दादाने तसा शब्द दिलाय, असं तिने सांगितलं. त्यांनी बटणाकडे पाहिलं, चपलेतली सुई काढली आणि राहिलेला टाका पुरा केला.

ते दीड-दोन महिने माझे फार वाईट गेले. मी जोडलेला होतो, तापलेला होतो, आणि माझ्याकडे काही येत नव्हतं. रोज संध्याकाळी धर्मपाल स्वच्छ गिटार घासायचा. किसनराव दोनदा समजूत घालून गेले. दुसऱ्या वेळी चिडले. म्हणाले, हातात वाघ आलाय आणि तू त्याला पिंजऱ्यात ठेवून मांजर नाचवतो आहेस. तरी धर्मपाल हलला नाही. मग किसनरावांनी मूर्तिजापूरला निरोप धाडला.

चौदा एप्रिलला पार्टी अकोल्याला निघाली. डोमाजी येतो म्हणाले नव्हते. पण स्टेशनवर ते आधीच जाऊन उभे होते, धुतलेला सदरा घालून. मैदानात फळ्यांचा मंच होता, त्यावर सतरंजी. समोर माणसंच माणसं, तेल्हारा-अकोटाकडून बैलगाड्यांनी आलेली, बायका एका बाजूला, पोरं झाडांवर. वारं होतं, मांडवाचं कापड फडफडत होतं आणि त्याचा प्रत्येक फटका रबर ओलांडून माझ्यापर्यंत येत होता. धर्मपाल मंचावर मांडी घालून बसला, मांडीवर गिटार. केशवराव कडेला बसले, त्यांची क्लॅरिनेटची पेटी बंद होती. बॅटरीवर लक्ष ठेवायला कोणी हवं होतं. डोमाजी माझ्या खोक्यामागे जाऊन बसले. ललिता त्यांच्याशेजारी.

लाल बटण शून्यावर होतं.

पहिलं गाणं झालं. गिटार ऐकू येत होती म्हणजे फक्त शेजाऱ्याला. दुसऱ्या गाण्यात किसनरावांनी कडवं संपवून गिटारला जागा दिली. धर्मपालने जीव ओतून वाजवलं, आणि पुढच्या तीन रांगांपलीकडे त्यातलं काही पोचलं नाही. मागची माणसं आपापसांत बोलू लागली. तिसरं गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यानंतर किसनरावांनी धर्मपालकडे पाहिलं नाही. त्यांनी केशवरावांना हाताने खूण केली. केशवराव पेटीवर वाकले आणि तिची कडी उघडली.

कडीचा खट्‌ असा आवाज माझ्या तारेला कळला. त्याच्या मागोमाग दुसरा धक्का आला, अगदी जवळून. कोणाचं तरी बोट बटणावर टेकलं होतं. ललिताचा हात मला ओळखीचा होता. हा तो नव्हता. हे बोट खरबरीत होतं आणि ते घाई करत नव्हतं. बटण थोडं फिरलं, गिटार माझ्या जाळीवर आली. आणखी फिरलं, माथे दबले. आणखी थोडं, आणि सूर फाटला. मग ते बोट किंचित मागे आलं, पुन्हा केसभर पुढे गेलं आणि थांबलं.

धर्मपालच्या कांडीखालून बापाची सनई मैदानावर गेली. त्याने दचकून हात उचलला आणि मागे वळून पाहिलं. किसनराव गायचे थांबले. केशवरावांचा हात पेटीत तसाच राहिला.

डोमाजींनी बोट काढलं नव्हतं. “वाजव,” ते म्हणाले. “बसूनच वाजव.”

मग मला विचार करायला वेळ मिळाला नाही. एकामागून एक सूर येत राहिले आणि मी त्यांना फाडत राहिलो. माझ्या साऱ्या आयुष्यात माझ्यातून एवढं काही गेलं नव्हतं. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या, मग त्यांच्या पुढच्या. मंचावरची माणसं बसलेली होती आणि अख्खं मैदान उभं होतं. केशवरावांनी क्लॅरिनेट बाहेर काढली नाही. पेटी बंद करून तिच्या झाकणावर त्यांनी ठेका धरला. किसनरावांनी तेच कडवं पुन्हा घेतलं, आणि या वेळी गिटारला जागा देताना ते स्वतः धर्मपालपाशी सरकून बसले.

परतीच्या गाडीत माझं खोकं सामानात गेलं नाही. डोमाजींनी ते मांडीवर घेतलं आणि अमरावतीपर्यंत खाली ठेवलं नाही.

मित्रांनो, आज माझं वय झालं आहे. माझ्या तारेतून आता पूर्वीइतके कण सुटत नाहीत. तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. एखादी वस्तू पेटलेली दिसत नाही म्हणून ती मेली असं धरून चालू नका, आणि तिला पेटवायच्या नादात जास्त वीजही देऊ नका. जरा धक्का लागला की ओरडते म्हणून फेकून देऊ नका. तिला टांगायला घरात रबराची एखादी जुनी पट्टी सापडते का ते बघा. आणि माणसांच्या बाबतीत, कुठे दुखतं हे एकदा विचारून घ्या. मी पाहिलंय, उत्तर बहुधा आपण धरून चाललो होतो त्याहून वेगळं निघतं.

अकोल्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ललिताने खोकं ओसरीत आणलं. डोमाजी शेजारी चहा पीत होते. तिने बॅटरी सोडवली, खोक्याचं झाकण काढलं आणि डोमाजींच्या बोटाने जिथे सोडलं होतं तिथून लाल बटण न हलवता त्याच्या आतल्या दोन टोकांना मीटरच्या तारा टेकवल्या. बटणाच्या पूर्ण फेऱ्याच्या एक लाख ओहमांपैकी सुई एकसष्ट हजारांवर थांबली.